अ‍ॅम्प डब्यात, आवाज कुठे?

आपल्या हॉस्टेलमध्ये इलेक्ट्रिक गिटारवाल्यांची एक जमात आहे. तिची ओळख सोपी. खोलीत कपड्यांपेक्षा वायरी जास्त, कॉटखाली एक छोटा काळा डबा आणि तोंडी कायम एकच तक्रार : “यार, रेकॉर्डमध्ये ऐकतो तसा आवाजच येत नाही. माझ्या डब्यातून नुसती माशी घोंगावते!”

हा डबा म्हणजे डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर. कोणी त्याला प्रोसेसर म्हणतं, कोणी मल्टी-इफेक्ट्स. काहींकडे तर डबाही नसतो, सगळं लॅपटॉपमधल्या सॉफ्टवेअरवर चालतं. तत्त्व एकच. गिटारचा सिग्नल आकड्यांत बदलायचा, त्यावर गणित करायचं आणि खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमधून आल्यासारखा आवाज बाहेर काढायचा.

हॉस्टेलमध्ये याला पर्याय नाही हे मान्यच करायला हवं. खरा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प गोड वाजतो तो मोठ्या आवाजात. पन्नास वॉटचा अ‍ॅम्प तसा लावला, तर पहिली ओळ संपायच्या आत रेक्टर सर दारात उभे! त्यामुळे डबा आणि हेडफोन हेच आपलं नशीब. पण हे नशीब वाटतं तितकं वाईट नाही, हे सांगायला हा लेख लिहितोय.

मी ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवतो. त्यामुळे ‘जरा आवाज सेट करून दे ना’ म्हणत माझ्याकडे बरेच डबे येतात. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. आवाज वाईट असला की आपण आधी अ‍ॅम्प मॉडेलचं नाव बदलतो. हे नको, ते लाव. ते नको, तिसरं लाव. मग चार महिन्यांनी डबाच बदलायचा विचार सुरू होतो. पण बहुतेक वेळा दोष मधल्या अ‍ॅम्पमध्ये नसतोच. तो असतो साखळीच्या दोन टोकांना : जिथे गिटार आत शिरते तिथे, आणि जिथे आवाज स्पीकरमधून आपल्या कानात शिरतो तिथे. ही दोन टोकं नीट केली की पाच हजारांचा डबासुद्धा शहाण्यासारखा वागतो.

१) डब्याच्या पोटात काय आहे?

खरी साखळी अशी असते : गिटारचा पिकअप, मग केबल, प्री-अ‍ॅम्प, टोनचे नॉब, पॉवर अ‍ॅम्प, स्पीकर, स्पीकरसमोरचा माइक आणि शेवटी रेकॉर्डिंग. मॉडेलरमध्ये प्री-अ‍ॅम्पपासून माइकपर्यंत सगळे ‘ब्लॉक’ सॉफ्टवेअरमध्ये असतात. थोडक्यात, ब्लॉक डायग्राम. तोच, जो आपण व्हायवाच्या आदल्या रात्री पाठ करतो.

यातला कोणता ब्लॉक महत्त्वाचा, याचं उत्तर इतिहासात सापडतं. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात पहिला मार्शल अ‍ॅम्प तयार झाला. त्याचं सर्किट अमेरिकेतल्या फेंडर बासमनवरून घेतलेलं, जवळजवळ जसंच्या तसं. तरी मार्शलचा आवाज फेंडरसारखा नाही. काही पार्ट वेगळे होते हे खरंच, पण मोठा फरक स्पीकरचा. बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर आणि पाठ उघडी. मार्शलखाली सेलेशनचे बारा इंची चार स्पीकर आणि चहूबाजूंनी बंद पेटी. सर्किट तेच, पेटी बदलली आणि रॉक संगीताचा एक नवा आवाज जन्माला आला!

पुढे मोठा अ‍ॅम्प लहान डब्यात बसवायची खटपट सुरू झाली. ‘बॉस्टन’ बँडचे टॉम शोल्झ हे एमआयटीचे मेकॅनिकल इंजिनियर. (मेकवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.) त्यांनी १९८२ साली ‘रॉकमन’ नावाचा हेडफोनवर वाजवायचा छोटा डबा बाजारात आणला. तो पूर्ण अ‍ॅनालॉग होता. १९८९ ला ‘सॅन्सअ‍ॅम्प’ आला, तोही अ‍ॅनालॉग. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा ‘पॉड’ आला. राजम्याच्या आकाराचा हा लाल डबा, पण आत डीएसपी. तिथून डिजिटल मॉडेलर घरोघरी गेले. २०११ ला ‘केंपर’ने खऱ्या अ‍ॅम्पला सिग्नल देऊन, त्याचं उत्तर मोजून त्याचा ‘प्रोफाइल’ काढायची पद्धत आणली. आता तर न्यूरल नेटवर्कला अ‍ॅम्पचा आवाज शिकवणारं ‘न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर’ हे सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स मिळतं.

म्हणजे अ‍ॅम्पची नक्कल करण्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटलेला आहे. आपला आवाज मात्र सुटलेला नाही! तेव्हा टोकांकडे वळू.

२) आधी स्पीकर, मग बाकी सगळं

गाणी ऐकायचा चांगला स्पीकर वीस किलोहर्ट्झपर्यंत वाजतो. गिटारचा बारा इंची स्पीकर तसा नसतो. साधारण पाच किलोहर्ट्झनंतर त्याचा आवाज कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. सेलेशनच्या प्रसिद्ध ‘व्हिंटेज थर्टी’ स्पीकरची रेंज कंपनीच देते ७० ते ५००० हर्ट्झ. त्या रेंजच्या आतही तो सरळ रेषेत वाजत नाही, त्याचे स्वतःचे चढउतार असतात. हा दोष नाही, हीच त्याची कामगिरी आहे. डिस्टॉर्शनमुळे सिग्नलमध्ये वरच्या हार्मोनिक्सची गर्दी होते. ती गर्दी स्पीकर गाळून टाकतो. गाळणी काढली की चहात चोथा येणारच. आपली ती ‘माशी’ म्हणजे हा चोथा!

मॉडेलरमध्ये ही गाळणी म्हणजे ‘कॅब’ नावाचा ब्लॉक. आता सिग्नल्स अँड सिस्टिम्स आठवा. लिनियर, टाइम-इनव्हेरियंट सिस्टिमला एक इम्पल्स दिला आणि तिचं उत्तर नोंदवून ठेवलं, की कोणत्याही इनपुटला ती काय उत्तर देईल हे कन्व्होल्यूशनने काढता येतं. स्पीकर, पेटी आणि माइक मिळून बऱ्याच अंशी अशी सिस्टिम होते. तिचा नोंदवलेला प्रतिसाद म्हणजेच इम्पल्स रिस्पॉन्स, गिटारवाल्यांच्या भाषेत ‘आयआर’. ४८ किलोहर्ट्झला २०४८ सॅम्पलची फाइल म्हणजे सुमारे ४३ मिलिसेकंदांचा आवाज. एवढ्याशा फाइलमध्ये एक अख्खी पेटी मावते. परीक्षेसाठी रटलेला तो इंटिग्रल इथे रोज रात्री वाजतो, बरं का!

अ‍ॅम्पचं मात्र असं होत नाही. तो मुद्दाम सिग्नल मोडतो, म्हणजे नॉन-लिनियर आहे. म्हणून त्याचा ब्लॉक वेगळा आणि कॅबचा वेगळा. दोन्हींचा क्रमही ठरलेला : आधी अ‍ॅम्प, मग कॅब.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. आउटपुट कुठे जातो त्यावर कॅब चालू की बंद ते ठरतं :

• हेडफोन, मिक्सर, लॅपटॉप किंवा साधा पॉवर्ड स्पीकर : कॅब चालू.
• खऱ्या गिटार अ‍ॅम्पच्या मागचा ‘रिटर्न’ : अ‍ॅम्प मॉडेल चालू, कॅब बंद. कारण पुढे खरा गिटार स्पीकर आहेच.
• खऱ्या गिटार अ‍ॅम्पचा पुढचा इनपुट : अ‍ॅम्प मॉडेल बंद, कॅबही बंद. फक्त डिले, कोरस वगैरे इफेक्ट वापरा.

कॅब नसेल तर माशी. कॅबवर पुन्हा खरा गिटार स्पीकर म्हणजे दोन गाळण्या, मग आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा.

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या दहा दिवस आधी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलाने आपला प्रोसेसर विकायला काढला. सुट्टीत दहावीच्या पोरांच्या शिकवण्या घेऊन त्याने तो घेतला होता. अर्ध्या किमतीला द्यायला तयार होता आणि बँडमधूनही नाव काढून घेणार होता. “माझ्या हातातच आवाज नाही,” हे त्याचं मत. मी डबा बघितला. रिहर्सल रूममधल्या गिटार अ‍ॅम्पसाठी कोणीतरी आउटपुटची सेटिंग बदलून कॅब बंद केला होता आणि तोच डबा आता तो हेडफोनवर वाजवत होता. मेनूत जाऊन एक ओळ बदलली. त्याने एक कॉर्ड वाजवला, हेडफोन काढला, माझ्याकडे बघितलं आणि परत घातला. डबा विकला गेला नाही. गॅदरिंगला त्याने दोन गाणी वाजवली. त्याच्या हातात आवाज होता, नव्हती ती गाळणी! एवढ्याशा कारणापायी एखादा वाजवणं सोडतो, याचं मला जास्त वाईट वाटतं. डब्याचे पैसे परत येतात, सुटलेला रियाज येत नाही.

३) माइक दोन बोटं सरकवा

कॅब ब्लॉकमध्ये माइक निवडायची आणि हलवायची सोय बहुतेक डब्यांत असते. तिकडे कोणी फिरकत नाही. खरं तर ट्रेबलचा नॉब फिरवण्याआधी माइक हलवायला हवा.

स्पीकरच्या मधोमध जी गोल टोपी दिसते, तिच्यासमोर माइक ठेवला की आवाज धारदार येतो. कडेकडे सरकवत नेला की मऊ आणि जाड होत जातो. दोन-तीन सेंटिमीटरने फरक पडतो. शुअर एसएम फिफ्टीसेव्हन हा माइक १९६५ पासून जगभर गिटार अ‍ॅम्पसमोर उभा आहे, सुरुवात त्यानेच करा. टोपी आणि कोन जिथे मिळतात ती कड गाठा आणि तिथून इकडेतिकडे सरका. माइक स्पीकरला चिकटवला तर बासही वाढतो, त्याला प्रॉक्सिमिटी इफेक्ट म्हणतात.

दोन माइक लावायचा मोह आवरा. दोघांच्या अंतरात १७ सेंटिमीटरचा फरक असला, तर आवाज दुसऱ्याकडे अर्धा मिलिसेकंद उशिरा पोचतो. अर्धा मिलिसेकंद म्हणजे १००० हर्ट्झचं नेमकं अर्धं आवर्तन. दोन्ही माइकची पातळी सारखी असेल तर तिथे एकाचा डोंगर आणि दुसऱ्याची दरी, बेरीज शून्य! आणि गिटारचा जीव तर तिथेच असतो.

यातून आणखी एक गोष्ट कळते. मॉडेलर ‘खोलीतला अ‍ॅम्प’ देत नाही, तो ‘माइकमधून ऐकलेला अ‍ॅम्प’ देतो. खऱ्या अ‍ॅम्पसमोर उभं राहिलं की हवा पँटवर आपटते. तो अनुभव हेडफोनमध्ये शोधू नका. तुलना करायचीच तर आवडत्या रेकॉर्डशी करा, कारण रेकॉर्डमध्येही माइकच होता.

४) दुसरं टोक : गिटार आत शिरते तिथे

पिकअप म्हणजे लोहचुंबकावर गुंडाळलेली हजारो वेढ्यांची तार. स्टीलची तार हलली की फ्लक्स बदलतो आणि फॅरडेच्या नियमाने व्होल्टेज तयार होतं. इतक्या वेढ्यांमुळे पिकअपचा इंडक्टन्स काही हेन्री इतका मोठा असतो. केबलला कपॅसिटन्स असतो. एल आणि सी जवळ आले की काय होतं, हे फर्स्ट इयरचा पोरगाही सांगेल : रेझोनन्स!

सोयीसाठी पिकअप ४ हेन्रीचा धरू आणि केबल मीटरला १०० पिकोफॅरडची. पाच मीटरची केबल म्हणजे ५०० पिकोफॅरड. सूत्रात टाकलं की रेझोनन्स येतो सुमारे ३.६ किलोहर्ट्झला. केबल दहा मीटर केली की तोच उतरतो २.५ किलोहर्ट्झवर. चमक गेली, आवाज जाड झाला. आपण मात्र डब्याचा ट्रेबल वाढवत बसतो. दोन खाटांच्या खोलीत दहा मीटरची केबल कशाला हवी?

दुसरी गोष्ट इनपुट इम्पीडन्सची. गिटार अ‍ॅम्पचा इनपुट साधारण एक मेगाओमचा असतो, म्हणजे पिकअपवर भार जवळजवळ नाहीच. तीच गिटार लॅपटॉपच्या माइकच्या भोकात किंवा मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली, तर इम्पीडन्स किलोओममध्ये येतो. पिकअपवर भार पडतो आणि रेझोनन्सचा तो उंचवटा सपाट होतो. मग पुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर लावा, मेलेला सिग्नल जिवंत होत नाही. ऑडिओ इंटरफेस वापरत असाल तर त्यावर ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण असतं. ते दाबलेलं आहे का, एवढं आज रात्री बघा.

तिसरं, इनपुटची पातळी. सगळ्यात जोरात कॉर्ड वाजवून बघा, लाल दिवा लागता कामा नये. व्हॉल्व्ह ओव्हरलोड झाला तर गोड मोडतो. एडीसी ओव्हरलोड झाला तर वरचं सरळ कापतो, आणि ते कापणं नंतर कोणत्याही ब्लॉकने भरून निघत नाही.

आणि हो, तारा बदला. गंजलेल्या तारांवर नवा आवाज शोधणं म्हणजे धुणं न टाकता इस्त्री करणं.

५) गेन कमी करा (खरंच कमी करा)

हेडफोनवर एकटं वाजवताना गेन दहावर गोड वाटतो. चुका झाकल्या जातात, नोट लांबते, आपण मोठे झाल्यासारखं वाटतं. पण गेन वाढला की हळू आणि जोरात यांतला फरक संपतो. हात कसाही मारा, आवाज तोच. मग वाजवणाऱ्याचं काय उरलं?

यामागे गणितही आहे. नॉन-लिनियर सर्किटमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजेच्या आणि वजाबाकीच्या फ्रीक्वेन्सी तयार होतात. सहाव्या तारेचा मोकळा ‘ई’ ८२.४ हर्ट्झ, त्याच्या वरचा ‘बी’ १२३.५. वजाबाकी सुमारे ४१, म्हणजे पुन्हा ‘ई’च, एक सप्तक खाली. म्हणून पॉवर कॉर्ड गेनमध्ये भारदस्त लागतो. आता ‘बी’ऐवजी मेजर थर्ड, म्हणजे १०३.८ हर्ट्झचा ‘जी शार्प’ घ्या. वजाबाकी २१.४. मूळ ‘ई’ दोन सप्तकं खाली असता तर २०.६ आला असता. जवळपास, पण जुळत नाही. वरच्या हार्मोनिक्सच्याही अशाच न जुळणाऱ्या जोड्या बनतात आणि कॉर्डचा चिखल होतो. पूर्ण कॉर्ड वाजवायचा असेल तर गेन उतरवण्याला पर्याय नाही.

डिजिटलची स्वतःची एक अडचण यात मिसळते. ४८ किलोहर्ट्झला सॅम्पल केलं की वरची हद्द २४ किलोहर्ट्झ. ५ किलोहर्ट्झच्या घटकाचा सातवा हार्मोनिक ३५ किलोहर्ट्झला जायला हवा, पण तिथे जागा नाही. तो परत फिरतो आणि १३ किलोहर्ट्झला येऊन बसतो. ज्याचं मूळ स्वराशी काही नातं नाही असा पाहुणा! हेच अलायझिंग. चांगले मॉडेलर आतमध्ये ओव्हरसॅम्पलिंग करून हे टाळतात. स्वस्त डब्यात ते कमी पडू शकतं. आपल्या हातात उपाय एकच : गेन कमी, म्हणजे वरचे हार्मोनिक कमी, म्हणजे पाहुणेही कमी.

माझी पद्धत सांगतो. गेन आपल्याला बरोबर वाटेल तिथे ठेवा, मग तिथून पाव भाग मागे या. रिदमसाठी गिटारचा व्हॉल्यूम सातवर आणि सोलोला दहावर. हा नॉब फुकटचा पेडल आहे, पण बरेच जण तो आयुष्यभर दहावर ठेवतात.

६) बास, मिडल, ट्रेबल

सगळे नॉब पाचवर म्हणजे ‘फ्लॅट’, असा समज आहे. फेंडर किंवा मार्शल घराण्यातल्या अ‍ॅम्पचा टोन स्टॅक पाचवर सरळ नसतोच, मधला भाग तो खाली दाबतो. शिवाय तिन्ही नॉब एकाच आरसी जाळ्यात गुंतलेले, त्यामुळे एक फिरवला की बाकीच्यांवरही परिणाम होतो. चांगले मॉडेलर हे वागणंसुद्धा उचलतात. म्हणून आकडे पाहू नका, कान लावा.

मिडल शून्यावर आणून बास-ट्रेबल वाढवलेला आवाज खोलीत राक्षसासारखा वाटतो. बँडमध्ये गेला की गायब! खाली बास गिटार आणि किक ड्रम बसलेले, वर झांजा. गिटारची हक्काची जागा मधे, आणि तीच आपण रिकामी केली. बँडसाठीच्या आवाजात मिडल हवाच, एकट्याने वाजवताना जरा बोचला तरी चालेल.

शेवटी, कॅबनंतर एक साधा ईक्यू लावा. खालून ८० ते १०० हर्ट्झला लो कट : सगळ्यात खालचा ‘ई’च ८२चा आहे, त्याखाली आपलं काही काम नाही. वरून ६ ते ८ किलोहर्ट्झला हाय कट : उरलासुरला चोथा गाळला जातो. हे आकडे सुरुवातीसाठी, पुढे कानाने हलवा.

७) मध्यरात्रीचा आवाज सकाळी खोटा ठरतो

साखळीचा शेवटचा ब्लॉक कोणत्याच मॅन्युअलमध्ये नसतो. तो म्हणजे आपला कान. १९३३ साली बेल लॅबोरेटरीजच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिलं की कानाची संवेदनशीलता फ्रीक्वेन्सीप्रमाणे बदलते आणि ती आवाजाच्या पातळीवरही अवलंबून असते. आवाज हळू असेल तर खालचे स्वर कानाला फार कमी ऐकू येतात.

आता हॉस्टेलचं चित्र बघा. रात्री एक वाजता रूम पार्टनर झोपलेला. आपण हळू आवाजात प्रीसेट बनवतो. बास कमी वाटतो, वाढवतो. धार कमी वाटते, ट्रेबलही वाढवतो. तोच प्रीसेट गॅदरिंगच्या मोठ्या स्पीकरवर गेला की बास गदगद करतो आणि ट्रेबल कानात टोचतो. साउंडवाल्याला शिव्या पडतात, त्याचा काही दोष नसताना. उपाय : ज्या आवाजात वाजवायचं त्याच आवाजात प्रीसेट ठरवा. रिहर्सल रूमचा अर्धा तास त्यासाठी राखून ठेवा. आणि हेडफोनवर तो मोठा आवाज गाठायला जाऊ नका, कान दुसरे मिळत नाहीत.

दोन प्रीसेटची तुलना करताना दोघांची पातळी आधी सारखी करा. थोडासा मोठा असलेला आवाज नेहमी ‘चांगला’ वाटतो. दुकानदार हे ओळखून असतात.

रिव्हर्बचंही असंच. खोलीत हेडफोनवर रिव्हर्ब छान वाटतो, पण सभागृहाला स्वतःचा रिव्हर्ब असतो. स्टेजवर जाताना तो निम्म्यावर आणा.

८) घूंऽऽ आवाज आणि अर्थिंग

आपली मेन्स ५० हर्ट्झची. सिंगल कॉइल पिकअप तिचं चुंबकीय क्षेत्र अँटेनासारखं पकडतो. हमबकरमध्ये दोन कॉइल उलट जोडलेल्या असतात, त्यामुळे बाहेरचा हम वजा होतो आणि तारेचा सिग्नल बेरीज होतो. सिंगल कॉइलवाल्यांनी अ‍ॅडॉप्टर आणि लॅपटॉपपासून लांब बसावं आणि गिटार थोडी वळवून हम सगळ्यात कमी कुठे होतो ती दिशा शोधावी. नॉइज गेट शेवटी लावा आणि हलकाच लावा, नाहीतर तो नोटेचं शेपूटही कापतो.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. हम घालवण्यासाठी तीन पिनच्या प्लगची अर्थ पिन तोडायची ‘युक्ती’ कोणी सांगितली, तर ऐकू नका. गिटारच्या तारा डब्याच्या ग्राउंडला जोडलेल्या असतात. कुठेतरी फॉल्ट आला आणि अर्थ नसेल, तर तारा जिवंत होऊ शकतात. हात तारांवर आणि ओठ स्टेजवरच्या माइकला, म्हणजे सर्किट पूर्ण! खोलीतल्या बोर्डला अर्थ नीट आहे का, याची शंका असेल तर हॉस्टेलच्या इलेक्ट्रिशियन काकांना सांगा. टेस्टर घेऊन ते पाच मिनिटांत बघतील.

९) एका संध्याकाळचा प्रयोग

जर्नलसारखा क्रम देतो. कोणताही डबा असो, हे करून बघा :

१. नव्या तारा, ट्यूनिंग, छोटी केबल.
२. रिकामा प्रीसेट घ्या. फॅक्टरीचे प्रीसेट दुकानात भाव खाण्यासाठी बनवलेले असतात.
३. इनपुटची पातळी बघा, लाल दिवा नको.
४. एकच अ‍ॅम्प मॉडेल आणि एकच कॅब. आउटपुटची सेटिंग तपासा.
५. अ‍ॅम्पचे सगळे नॉब मधे ठेवून फक्त कॅब बदलत जा. पाच कॅब ऐका, एक निवडा.
६. मग माइक सरकवा.
७. मग गेन ठरवा आणि पाव भाग मागे या.
८. मग बास, मिडल, ट्रेबल. त्यानंतर लो कट, हाय कट.
९. सगळ्यात शेवटी डिले आणि रिव्हर्ब.
१०. आवडत्या रेकॉर्डसोबत, सारख्या पातळीवर तुलना करा. मग झोपा. सकाळी ताज्या कानांनी पुन्हा ऐका.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि काय बदललं ते वहीत लिहा. ‘ऑब्झर्व्हेशन टेबल’ आपण आयुष्यभर सबमिशनसाठी भरला, एकदा स्वतःसाठी भरून बघा. महिनाभरात तुम्हाला डब्याकडे न बघता नुसतं ऐकून सांगता येईल की हा कॅबचा प्रश्न आहे, हा गेनचा, आणि हा हाताचा. हाताचा असला तर उपाय मेनूत नाही, तो मेट्रोनोम लावून करायचा.

एवढं सगळं करूनही डबा पटला नाही, तर खुशाल नवा घ्या. पण तेव्हा तो का घेतोय हे तुम्हाला ठाऊक असेल : ओव्हरसॅम्पलिंग हवं आहे, स्वतःचे आयआर टाकायची सोय हवी आहे की जास्त ब्लॉक हवे आहेत. नुसतं ‘आवाज येत नाही’ म्हणून पैसे घालणार नाही. आणि ज्यांच्या कॉटखाली डबा धूळ खात पडलाय, त्यांनी आज मेसमधून आल्यावर तो बाहेर काढा आणि आउटपुटची सेटिंग बघा. नव्या बॅचच्या ऑडिशनला गिटारवाले नेहमीच कमी पडतात.